रक्त उपाशी

बागवानचाची माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे. ती तोंडाकडे बघे. समोरचा बोलायला लागला की तिची नजर त्याच्या ओठांच्या आत शिरायची आणि हिरड्यांवर खिळून राहायची. तो काय बोलतोय हे तिच्या कानांत जातंय की नाही, अशी शंका यावी इतका वेळ. बैल घेताना शेतकरी त्याचा जबडा बघतो ना, अगदी तसं. बायका लाजून पदर तोंडाला लावायच्या, पुरुष वैतागायचे. चाचीला दोन्हीचं काही नसे. "आ कर की रं जरा," असं ती अनोळखी माणसालाही खुशाल म्हणायची.

मला ती भेटली ती दुष्काळी कामाच्या छावणीत. मिरजगावच्या पुढे उघड्या माळावर रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं होतं. लढाईची वर्षं होती. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि आसपासच्या गावांतली माणसं कुटुंबकबिल्यासह येऊन तिथे राहिली होती. मी नुकताच डॉक्टरीची परीक्षा पास झालेला. छावणीच्या दवाखान्याचा तंबू माझ्या ताब्यात दिलेला. तंबूसमोर एक निंब होता, त्याच्या सावलीत ही पन्नाशीची, काटक, उन्हाने रापलेली बाई रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेली असायची.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "डागदर, तुमी रोज लिंबू खाता, न्हाईतर पेरू. दोन्हीपैकी येक."

मी चपापलो. आमचं घर बेलापूरचं, कालव्याच्या पाण्यावरचं. घरून दर आठवड्याला लिंबं येत आणि राहात्याच्या मामांकडून पेरूची करंडी. दोन्ही माझ्या खाटेखाली झाकून ठेवलेलं असे.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं. माझ्या आईच्या वयाची ती बाई, पण सरकारी माणूस म्हणून मी तिला सरळ अगं-तुगं करत होतो.

"तुमच्या हिरड्यांनी," ती म्हणाली. "हितं सगळ्या छावनीत अशा गुलाबी हिरड्या दोघांच्याच. येक तुमी आन् येक मी."

मला तो आगाऊपणा वाटला. मी आत निघून गेलो.

चाचीचा धंदा फळं-भाजीचा. नवरा वारलेला, मुलगा सून घेऊन नगरला गेलेला. मिरजगावला तिचा मळ्याचा एक तुकडा होता, पण विहिरीने तळ गाठल्यावर वांगी गेली, मिरच्या गेल्या, पेरूची दोन झाडं उभी वाळली. विकायला काही उरलं नव्हतं. तरी ती रोज पाटी घेऊन निघायचीच. सवयीचे पाय होते, ते घरी थांबत नसत. वाटेने चालताना तिचा हात सारखा कुंपणात जायचा. कुठे शेवग्याला चार पानं फुटली असतील, कुठे चिंचेला कोवळा पाला आला असेल, कुठे दगडाच्या सांदीत घोळीची भाजी उगवली असेल, ते खुडायचं, निम्मं तोंडात टाकायचं आणि निम्मं पदरात बांधायचं. छावणीत आली की ते बाळंतिणींना आणि लेकुरवाळ्यांना चिमूट चिमूट वाटायची. माझ्या नजरेला ती बकरीसारखी झाडपाला चघळत फिरणारी, जरा डोक्याने हललेली बाई होती.

तिचं एक बोलणं ठरलेलं असे. छावणीत पोटाला मिळत होतं. रेशनची लाल ज्वारी, कधी डाळ, वाळलेल्या मिरचीचं तिखट. कोणी उपाशी मरत नव्हतं आणि आम्हा सरकारी लोकांना त्याचा अभिमान होता. मुकादम एकदा तिला म्हणाला, "चाची, पोटभर भाकरी मिळती ना सगळ्यांना? मग तुझं काय रडगानं?" त्यावर ती म्हणाली, "पोट भरलंय रं बाबा. रगत उपाशी हाय." मुकादम हसला, मीही हसलो. त्या वेळी मला ते नुसतंच चमत्कारिक बोलणं वाटलं. आज हे लिहिताना मला ठाऊक आहे की, एका मोठ्या रोगाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या जाडजूड पुस्तकातही नव्हतं.

दवाखान्यात रोज रांग लागायची आणि तक्रारी त्याच त्या. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्यात, भाकरी चावली की रक्त येतं. पोटऱ्या दगडासारख्या कडक झाल्यात, पाऊल टेकवत नाही. थकवा जात नाही, चार पाट्या टाकल्या की धाप लागते. हिरड्यांचा दोष मी मशेरीवर टाकला. जांभळं औषध लावून दिलं, गुळण्या सांगितल्या. पाय दुखतात म्हणणाऱ्यांना मालिशचं औषध दिलं. बरेच जण कामचुकारपणा करतात असं मुकादमाचं मत होतं, आणि हळूहळू ते माझंही झालं. कित्येकांच्या चिठ्ठीवर मी 'कामास योग्य' असं लिहून सही केली.

त्यांतलीच एक बाई खडीची पाटी डोक्यावर उचलून घेताना खाली बसली आणि तिथेच गेली. तिचे पुढचे चार दात पडलेले होते, केस पिकलेले होते. मी मृत्यूच्या कारणात 'वार्धक्य' लिहिलं. ती चाळिशीच्या आतली होती हे मला तिच्या आईने सांगितलं, तेव्हा कागद तालुक्याला गेलेला होता. ती आई माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. लेकीचं लुगडं घडी करता करता नुसतं वय सांगून गेली.

सरूबाईची गोष्ट त्यानंतरची. सरूबाई आणि तिचा नवरा कोंडिबा हे मिरजगावजवळच्याच एका गावचं जोडपं. जमीन थोडीफार होती, पण पीक नव्हतं. दोघंही मुकाट्याने काम करणारी. एक दिवस ती लंगडत तंबूत आली. लुगडं पोटरीपर्यंत वर घेऊन तिने पाय दाखवले, तर दोन्ही पायांवर काळेनिळे चट्टे. दंडावरही तसेच.

"कोणी मारलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई मारलं, डागदर. आपोआप उठलंय."

मार खाल्लेल्या बायका हेच सांगतात, हे मी पुण्याच्या इस्पितळात शिकलो होतो. तिथे एकदा एक बाई असंच बोलून घरी गेली होती आणि आठ दिवसांनी मेलेलीच परत आली होती. म्हणून सरूबाईच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला नाही. मला मनापासून वाटलं की तिला वाचवणं माझ्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला सगळी माणसं जमली असताना मी कोंडिबाला पुढे बोलावलं. मोठ्याने त्याचं नाव घेतलं. म्हणालो, "हा माणूस बायकोला गुरासारखा मारतो. बायकांवर हात टाकणाऱ्याला या छावणीत काम मिळणार नाही." मुकादमाने त्याला कान धरून उन्हात उभं केलं.  कोंडिबाने एकदा बाजूला थुंकलं, थुंकी लालभडक होती. सरूबाई ओरडून सांगत होती, "अवो त्येंनी कवा बोटबी लावलं न्हाई वो मला!" आणि माणसं हसत होती. कोणी तरी म्हणालं, "मार खाऊनबी माया बघा." मी हसलो नाही. त्यापेक्षा वाईट केलं. आपण काही तरी चांगलं काम केलं असं मला वाटत राहिलं, आणि दुपारी आईला पत्र लिहून ते कळवलं.

कोंडिबा त्याच दुपारी छावणी सोडून गेला. कुठे गेला, हे बायकोलाही सांगितलं नाही.

संध्याकाळचं काम सुटायच्या वेळी चाची तंबूत शिरली. परवानगी वगैरे काही नाही. सोबत सरूबाई होती, तिचा हात धरून ओढतच आणलेली.

"हिचा हात बघा," चाची म्हणाली.

सरूबाईच्या डाव्या हाताच्या तळव्यावर एक लांब जखम उघडी पडली होती.

"ही जखम कवाची?" चाचीने तिलाच विचारलं.

"लगीन व्हायच्या आदीची. इळा लागला हुता. भरून आली हुती कवाच."

चाची माझ्याकडे वळली. "ऐकलं? धा-बारा वर्सांमागं भरल्याली जखम. आता तुमी शिकल्यालं मानूस, मला सांगा. नवऱ्यानं पायावर मारलं तर हाताची जुनी जखम उघडती व्हय?"

 उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. मी म्हणालो की रोगाचं निदान करणं हे तुझं काम नाही.

"मग तुमीच करा की," ती शांतपणे म्हणाली. "पर कोंडिबाला दोष देऊ नका. त्यो थुकला ते बघितलं न्हाई? लाल."

"पान खाल्लं असेल."

"ह्या माळावर पान कुठलं, डागदर?"

हे खरं तर तिथेच संपायला हवं होतं. पण तिने पदराची गाठ सोडून मोड आलेले कच्चे हुलगे माझ्या टेबलावर ओतले आणि म्हणाली, "ह्ये मूठ-मूठ रोज खाऊ द्या समद्यांना. चुलीवर ठिवायचं न्हाई. कच्चंच." मला निमित्त मिळालं. पटकीची भीती प्रत्येक छावणीत असायची आणि न शिजवलेलं काही खाऊ नये असा माझाच हुकूम होता. मी मुकादमाला बोलावून सांगितलं, उद्यापासून ही बाई छावणीच्या हद्दीत दिसता कामा नये.

ती भांडली नाही. टेबलावरचा एकेक हुलगा वेचून पदरात घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती हद्दीच्या खुणेच्या दगडापलीकडे एका बाभळीखाली बसायला लागली. सरूबाई काम सुटलं की तिच्याकडे जायची.

दहा-बारा दिवसांनी सरूबाई औषधासाठी नव्हे, एका शेजारणीला घेऊन तंबूत आली. नीट चालत होती. पायावरचे चट्टे पिवळे पडून विरत चालले होते, हिरड्यांचं रक्त थांबलं होतं. ते बघून मी मुकादमाला काय म्हणालो ते लिहायला आजही हात अडतो. मी म्हणालो, "बघितलंत? नवरा गेला आणि वळ गेले."

सरूबाईने ते ऐकलं. मान खाली घालून ती निघून गेली.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी छावणीच्या हद्दीवर एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत कोंडिबा आडवा पडलेला आणि त्याच्या उशाशी चाची. मिरजगावच्या चावडीच्या ओट्यावर तो चार दिवस पडून होता. दारू पिऊन पडलाय असं समजून लोक बाजूने जात होते. चाचीने सवयीप्रमाणे त्याचं तोंड उघडून बघितलं, आणि कोणाची तरी गाडी मागून आणली. मुकादम तिला अडवायला गेला तर ती म्हणाली, "मी आत येत न्हाई. डागदरला भाईर बोलवा."

मी गेलो. सरूबाईही धावत आली होती. चाचीने कोंडिबाचं धोतर गुडघ्याच्या वर सरकवलं. दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या. पोटऱ्या लाकडासारख्या. प्रत्येक केसाच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. सरूबाईच्या पायावर जे होतं तेच, त्याच्या दुप्पट.

"आता ह्याला कोनी मारलं ते सांगा," चाची म्हणाली. "हिनं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला फार लागलं. रागावली असती तर मी पुन्हा आवाज चढवला असता.

मी तंबूत जाऊन ट्रंकेच्या तळातलं पुस्तक काढलं. स्कर्व्हीचं प्रकरण मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी तो पूर्ण लिहिला होता. हिरड्यांतून रक्त, कातडीखाली रक्त साकळणं, भरलेल्या जखमा पुन्हा उघडणं, श्रम करताना अचानक मृत्यू. कारण, ताज्या भाज्या-फळांतून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाचा अभाव. पण पुस्तकात तो रोग महिनोन् महिने समुद्रावर असणाऱ्या गोऱ्या खलाशांचा होता. कर्जत तालुक्यातल्या माळावर, जिथे माणसाने नदीसुद्धा धड बघितलेली नाही, तिथे तो असेल असं माझ्या मनात आलं नाही. आणि हे वाचताना खाटेखालच्या पेरूंचा वास तंबूभर पसरला होता. मी ती करंडी उचलली, बाहेर नेऊन चाचीच्या पुढ्यात ठेवली. तिने एक पेरू घेतला, दाताने बारीक करून तो लगदा कोंडिबाच्या तोंडात घातला. मग दुसरा. बाकीचे सरूबाईच्या पदरात टाकले. 

तिला हे कसं कळलं, हे मी पुढे विचारलं. ती लहान असताना असाच मोठा दुष्काळ पडला होता. घरात बैलांसाठी हुलगे भिजत घातलेले असायचे, ते फडक्यात राहून मोडायचे. पोरं उपाशी म्हणून नव्हे तर खोडी म्हणून ते चोरून खायची. "मोठी मानसं चोरी करत न्हवती," चाची म्हणाली. "त्यांचे दात पडले, पाय काळे झाले. माजी आई त्यातच गेली. आमी चोरटी पोरं तेवडी धडधाकट. मी लहान हुते, पर येवडं ध्यानात राहिलं." एवढ्यावर तिने आयुष्यभर माणसांची तोंडं बघितली आणि प्रत्येकाने काय खाल्लं, काय नाही, याचा मनाशी ताळा घातला.

मग छावणीत हुलगे भिजायला लागले. मी रेशनच्या अधिकाऱ्याकडे खेटे घालून हुलग्यांची पोती मिळवली, बाकी सगळं चाचीने केलं. ते सोपं नव्हतं. बायका म्हणाल्या, हे बैलांचं खाणं, आम्ही काय बैल आहोत? कोणी उसळ करून खाल्ली तर चाची चुलीपाशी जाऊन कपाळाला हात लावायची, "जाळलास गं त्यातला जीव!" पाणी मोजून मिळायचं, तर प्यायच्या पाण्यातच रात्रभर भिजवायचं आणि सकाळी ते पाणी पिठात घालून भाकरी थापायची, हे तिनेच शिकवलं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती कोणी मोठ्याने बोलून दाखवली नव्हती. मुसलमान बाईच्या हातचं ओलं खायला कित्येक घरं कचरत होती. चाचीने ते न बोलताच ओळखलं. झोपडीझोपडीपुढे उभी राहून सांगायची, "तुमचंच पानी, तुमचंच फडकं, तुमचंच मडकं. माजा हात लागनार न्हाई. मी निस्तं लांबून सांगते." असं सांगताना तिला काय वाटत असेल, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

दोन आठवड्यांत रांग निम्मी झाली. महिन्याभरात जांभळं औषध लावायला कोणी उरलं नाही. कोंडिबा उठून बसला, चालायला लागला, पुन्हा कामावर आला. हजेरीला मात्र तो सगळ्यांच्या मागे, एका बाजूला उभा राहायचा. माणसं त्याच्याशी तुटक बोलायची. त्याच्या पायावरचे डाग मी बघितले होते, चाचीने, मुकादमाने आणि सरूबाईने. बाकीच्यांना तो बायकोला मारणारा कोंडिबाच होता. मी हजेरीच्या वेळी पुढे होऊन दोन वाक्यं बोलायला हवी होती. रोज सकाळी ठरवायचो, आणि हजेरी संपून जायची.

पुढे जिल्ह्याहून मोठे साहेब पाहणीला आले. इतर छावण्यांत माणसं पाय धरून बसली होती आणि आमची चालत होती, म्हणून मुद्दाम आले होते. मी त्यांना झोपडीझोपडीतली फडकी दाखवली, मोड दाखवले. चाची जवळच एका बाळंतिणीला पाणी पाजत होती.

"उत्तम कल्पना," साहेब म्हणाले. "कोणाला सुचली?"

चाची माझ्यापासून दहा हातांवर होती. मी म्हणालो, "सर, पुस्तकात आहे."

खोटं नव्हतं ते. माझ्या पुस्तकाच्या तळटीपेत मोडाच्या कडधान्याचा उल्लेख होता. साहेबांनी पाठ थोपटली, माझ्याकडून अहवाल मागवला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला. त्याच्यावर माझी नगरच्या इस्पितळात बदली झाली, ती बढतीच होती.

साहेबांची मोटार गेल्यावर चाची पाण्याचा तांब्या विसळत म्हणाली, "पुस्तकात हुतं व्हय, डागदर?"

"हो."

"मग इतकं दिस उघडलं का न्हाई?"

ती खरंच विचारत होती. टोमणा नव्हता. मी कामाचं निमित्त करून तंबूत गेलो.

मी छावणी सोडली त्या सकाळी ती निंबाखाली नव्हती. कोणा तरी पोटुशीला शेवग्याचा पाला आणायला गेली होती, असं मुकादमाने सांगितलं. मला हायसं वाटलं. निरोप घेताना काय बोललो असतो कोण जाणे.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, स्वातंत्र्य मिळून गेल्यावर, एका कामासाठी मिरजगावला गेलो. बाजारचा दिवस होता. चाची दिसली. विहिरीला पाणी आलं होतं आणि तिच्यासमोर मेथी, मिरच्या, कोथिंबीर असं सगळं हिरवंगार मांडलेलं होतं. थकली होती, पण आवाज तोच. तिने मला ओळखलं, बसायला पोतं दिलं. मी मनाचा हिय्या करून बोललो, "चाची, साहेबांसमोर मी तुमचं नाव घेतलं नाही. मला ते फार खातं."

तिने मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं. "माजं नाव घिऊन काय करायचं हुतं? मला का बढती पायजे हुती?" मग म्हणाली, "तुमी ज्येचं नाव घेतलं, त्येचं बघा की. कोंडिबाच्या गावात अजून त्येला मारकुटा म्हनत्यात. भैनीच्या पोरीचं लगीन मोडत हुतं त्यापायी. जुळवायला ग्येला तर समोरची मानसं म्हनली, ह्या घरात बायकांना मारत्यात."

ती भाजी शेजारणीच्या हवाली करून उठली. त्याच दुपारी आम्ही चालत कोंडिबाच्या गावी गेलो. तो रानात होता, सरूबाईही होती. मी बांधावर उभा राहून सगळं बोललो. चूक झाली, माफ करा, असं स्पष्ट म्हणालो. कोंडिबा खुरपं हातात धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "झालं ते झालं. पानी घ्या, डागदर."

सरूबाई मात्र म्हणाली, "शे-दोनशे मानसांम्होरं म्हनला हुतात. आन् आता हितं बांधावर सांगताय व्हय?"

 चाची गावाच्या दिशेने चालू लागली आणि आम्ही तिघं तिच्या मागे. मारुतीच्या पारावर माणसं बसलेली होती. चाचीने आणखी दोन-चार घरांतून बोलावली. त्यांतली बरीच त्या छावणीवर होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नगरच्या इस्पितळातला मोठा डॉक्टर म्हणून कोणी तरी घोंगडी अंथरली.

मी घसा खाकरला आणि बोललो. काय बोललो ते शब्दाशब्दाने आठवतं. "त्या काळी आहारातल्या काही घटकांच्या अभावामुळे लोकांच्या शरीरावर विशिष्ट लक्षणं दिसत होती, आणि त्यामुळे काही बाबतींत निदानात थोडीशी गफलत होण्याचा संभव होता."

बांधावर मला साधी मराठी येत होती. पारावर ती गेली.

एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी काय वो, सायेब?"

मला पुन्हा एक संधी मिळाली होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. सगळे वाट बघत होते. सरूबाई वाट बघत होती. मी घामाघूम झालो, घड्याळाकडे बघितलं. आणि माझी ती अवस्था बघून कोंडिबाच पुढे झाला. म्हणाला, "जाऊ द्या रं, त्येंची गाडी सुटंल. लांब जायचंय त्येंना." त्याने स्वतः मला वेशीपर्यंत पोचवलं.

चाची माझ्याबरोबर परत आली नाही. मी वळून बघितलं तेव्हा ती सरूबाईशेजारी पाराच्या कडेला बसली होती आणि दोघी जमिनीकडे बघत होत्या. नंतर तिची माझी भेट झाली नाही. तिचा मुलगा एकदा इस्पितळात आला होता, त्याच्याकडून कळलं की ती गेली. नोंदवहीत आईचं नाव लिहायचं होतं म्हणून मी विचारलं, तेव्हा पहिल्यांदा मला समजलं की बागवानचाचीचं नाव मेहरुन्निसा होतं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं.

माझ्या त्या अहवालाची प्रत अजून माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर चांगलं आहे. त्यात दोन नावं नाहीत. म्हणून पारावर जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो, आणि कोंडिबाच्या गावच्या कोणा नातवंडाच्या हाती हे पडलं तर त्याने ते मोठ्याने वाचावं अशी माझी विनंती आहे. मोडाच्या हुलग्यांनी माणसं वाचतात हे मला मेहरुन्निसा बागवान या बाईने शिकवलं. आणि कोंडिबाने आपल्या बायकोवर कधीही हात उचलला नव्हता. ते डाग रोगाचे होते, आणि तो रोग मला ओळखता आला नव्हता.